चूलबंद आवतन

अकोल्याच्या गोपाळकृष्ण वकिलांची बायको चारुशीलाबाई हिच्याबद्दल गावात दोन मतं नव्हती. बाई मनाने मोठी आणि रागाने त्याहून मोठी. तिच्या नाकावर माशी बसली तर चूक माशीची, असा तिच्या घरचा कायदा होता, आणि या कायद्यावर अपील चालत नाही हे वकिलांनी संसाराच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. कोर्टात ते वाघ असतील, घरी मात्र अडकित्ता आणि सुपारी घेऊन झोपाळ्यावर गप्प बसत.

मुलींच्या शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं तेसुद्धा या रागापायीच. थंडीत बक्षीससमारंभाला चारुशीलाबाई पाहुणी म्हणून गेली होती. तिथे पहिल्या रांगेतली एक काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची पोरगी कविता म्हणता म्हणता मटकन खाली बसली. मास्तरीण म्हणाली, "ऊन लागलं असेल." पौषात कसलं डोंबलाचं ऊन! बाईने पोरीला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की तिच्या पोटात आदल्या दिवसापासून काही नव्हतं, आणि वर्गातल्या निम्म्या पोरींची तीच गत होती. त्याच संध्याकाळी चारुशीलाबाईने वकिलांच्या आळीतल्या बायका गोळा केल्या. काहींना लाजवलं, काहींशी भांडली, एकीशी तर अबोलाच धरला. पण पुढच्या सोमवारपासून शाळेच्या पडवीत मधल्या सुट्टीत खिचडीचं पातेलं येऊ लागलं. एकेका घराने एकेक वार वाटून घेतला.

चक्कर आलेली पोरगी म्हणजे जयवंता. माळीपुऱ्यातल्या पार्बताबाईची लेक. आणि पार्बताबाई काही वकिलांच्या घराला परकी नव्हती. रोज सकाळी भाजीची टोपली घेऊन ती दारात यायची, मोजून भाजी घालायची आणि वर न मागता कोथिंबिरीची जुडी टाकायची. "राहू द्या बाई, मळ्यातलीच हाये," म्हणायची. देणाऱ्याचा हात असा सैल असला की त्याच्या घरात चूल पेटते की नाही, हे कोण विचारतो?

पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या साली पावसाने वऱ्हाडाला साफ दगा दिला. कापूस बोंडातच करपला, सरकी काढायच्या जिनांची धुराडी कधी नव्हे ती लवकर थंड पडली, आणि मोर्णेच्या पात्रात बायका वाळूत डबरे खणून पाणी भरू लागल्या. पार्बताबाईची विहीर फाल्गुनातच आटली. वांग्याचे ताटवे उभे जळाले. तिचा नवरा शालिकराम रेल्वेच्या कामावर मजुरीला खानदेशाकडे गेला. तिकडून कधी निरोप यायचा, कधी नाही. घरात पार्बताबाई, तिची म्हातारी सासू मनकर्णाबाई आणि जयवंता, अशा तिघीच उरल्या. भाजी दुसऱ्याच्या मळ्यातून आणून विकायची, त्यात कितीसं सुटणार? शाळेतली ती दुपारची खिचडी होती म्हणून पोरगी उभी होती.

आणि वैशाख लागला तशी शाळा बंद झाली.

शेवटच्या दिवशी खिचडी वाढायला चारुशीलाबाई स्वतः गेली होती. सगळ्या पोरी 'सुट्टी, सुट्टी' म्हणून नाचत पळाल्या. जयवंता मात्र पत्रावळ पुसून खाऊन झाल्यावर तिथेच उभी राहिली.

"बाई, शाळा बंद झाली म्हंजे खिचडी बी बंद?"

चारुशीलाबाई म्हणाली, "बघू हं."

"बरं," पोरगी म्हणाली आणि गेली. तिने हट्ट केला असता, रडली असती, तर बरं झालं असतं. तिचं ते शहाण्यासारखं 'बरं' बाईच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

घरी येऊन तिने आळीतल्या बायकांना विचारलं. एकीला माहेरी पुण्याला जायचं होतं. एकीचे यजमान चिखलदऱ्याला हवापालटाला निघाले होते. एकीच्या सासूचे गुडघे धरले होते. आपापलं दुखणं घेऊन सगळ्यांनी कानावर हात ठेवले. चारुशीलाबाई संतापून म्हणाली, "शाळेला सुट्टी असते, पोटाला असते का? जा तुम्ही. मी एकटी घालते जेवायला!"

आता एकटीने करायचं म्हटल्यावर ते जोरात करायचं, हा तिचा स्वभाव. तिने घरामागच्या अंगणात मांडव घातला. तांब्याचे मोठाले हंडे कल्हई करून आणले. स्वयंपाकीण गंगूबाई कुरकुरत होती, तिला दटावलं. आणि सगळ्यांना कळावं म्हणून तिने माळीपुऱ्यात, तेलीपुऱ्यात आणि जिनाच्या मागच्या वस्तीत दवंडी पिटवली, 'वकिलांच्या वाड्यावर गोरगरिबांच्या लेकरांना उद्यापासून फुकट जेवण आहे होऽ!' एवढ्यावर भागलं नाही. जेवण तयार झालं हे दूरवर कळावं म्हणून मांडवाच्या खांबाला तिने एक पितळी तास टांगला.

दुसऱ्या दिवशी मध्यान्ही तास वाजला. ठणठण आवाज थेट नदीपर्यंत गेला असेल. भात निवाला, वरणावर साय धरली, तरी पोरं येईनात. आले ते राजेश्वराच्या देवळाबाहेरचे दोन बैरागी, एक आंधळा गवई आणि कुठून तरी वास काढत आलेली कुत्री. तिसऱ्या दिवशीही तेच. बैरागी मात्र पाच झाले. गंगूबाई उरलेला भात गाईंपुढे टाकत म्हणाली, "गाईंचं पुण्यही काही कमी नाही हो." चारुशीलाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की ती पदराचा बोळा तोंडात धरून आत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी पार्बताबाई टोपली घेऊन आली. टोपलीत सुकलेली गवार आणि चार लिंबं. बाईने तिला दारातच गाठलं.

"पार्बता, जयवंताला का पाठवत नाहीस गं जेवायला?"

पार्बताबाईने खाली बघत गवार मोजली. "तिचं पोट भरलं राह्यते, बाई."

"खोटं बोलू नकोस. दवंडी ऐकली नाहीस का?"

"आयकली न." तिने मान वर केली. "सबन गावानं आयकली. दवंडीवर जेवाले आमच्यात कोनी जात नाई."

"का? अन्नात काय विष कालवलंय मी?"

"अन्न चांगलंच असंन. तुमी काहून वाईट घालसान?" असं म्हणून पार्बताबाईने वरून दोन लिंबं टाकली. "राहू द्या, मळ्यातलीच हायेत."

मळा कसला नि लिंबं कसली! तो मळा जळून दोन महिने झाले होते, हे दोघींनाही ठाऊक होतं. ती गेल्यावर चारुशीलाबाईने ती लिंबं ओसरीवर आपटली. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच! घरात दाणा नाही आणि ऐट बघा. पोरगी मेली तरी चालेल, पण पाठवणार नाही!" झोपाळ्यावरून वकील म्हणाले, "अगं, लिंबाने काय केलं?" पण त्यांचंही त्या दिवशी चुकलंच, कारण पुढचा तासभर सगळं त्यांनाच ऐकावं लागलं. रागाखाली खरं तर भीती होती. पोरीचे ते मोठे डोळे बाईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

याच गोंधळात अमरावतीचा निरोप येऊन पडला. चारुशीलाबाईचं माहेर अमरावतीला, अंबादेवीच्या देवळामागे. तिच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आणि बोलावणं आलं ते कसं? भावाच्या ओळखीचा कोणी कारकून कामानिमित्त अकोल्याच्या कोर्टात आला, त्याने व्हरांड्यात वकिलांना गाठलं आणि सांगितलं, "तुमच्या मेव्हण्यांकडे लग्न आहे हो वद्य पंचमीला. सगळ्यांना कळवा म्हणालेत, तेव्हा तुम्हीही या."

वकिलांनी घरी येऊन हे सरळपणाने सांगितलं, आणि घरात वैशाखवणवा पेटला.

"कारकुनाकडून?" चारुशीलाबाईचा आवाज चढला. "सख्ख्या आत्याला कारकुनाच्या तोंडी निरोप? दाराशी कोणी आलं नाही, कुंकू नाही, अक्षत नाही. 'सगळ्यांना कळवा'! मी सगळ्यांतली का? मी जेवायची राहिले आहे का त्यांच्याकडे? उपाशी मरेन, पण त्या मांडवात पाऊल ठेवणार नाही! मान आहे की नाही माणसाला काही?"

वकील सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला. त्यांना हसू आवरेना. आधी खांदे हलले, मग मिशा, आणि मग त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवून चक्क डोळे पुसले.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुझ्या भावाने निदान कारकून तरी पाठवला, दवंडी नाही पिटली."

चारुशीलाबाई बोलायला तोंड उघडून तशीच उभी राहिली. तिची ती अवस्था वकिलांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिला चटकन दिसायचं, आणि आता आपल्या डोळ्यातलं मुसळ एवढं मोठं निघालं की ते कुठे लपवावं हे तिला समजेना. ती मागच्या अंगणात गेली आणि मांडवाच्या खांबाचा तो तास तिने स्वतःच्या हाताने उतरवला.

वऱ्हाडात जेवायला बोलावणं हा पोरखेळ नव्हे. आधी घरी जाऊन आवतन द्यावं लागतं, तेही घरच्या माणसाने. मग पानं मांडली की दुसरं बोलावणं करावं लागतं. दुसरं बोलावणं आलं नाही तर माणूस भुकेने कळवळेल, पण उठणार नाही. आणि आवतनांत सगळ्यांत मानाचं म्हणजे चूलबंद आवतन. त्याचा अर्थ, आज तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. हे चारुशीलाबाईला काय ठाऊक नव्हतं? जन्म अमरावतीचा, संसार अकोल्याचा. पण गरिबाला बोलावताना हा रिवाज लागतो, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाली, देवापुढे बसली आणि तिने वैशाखाचं व्रत घेतलं. महिनाभर रोज लेकरांना जेवू घालायचं, आणि बोलावलेल्यांतलं शेवटचं लेकरू पानावरून उठल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. व्रत खरंच घेतलं, दाखवायला नव्हे. मग ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात कुंकवाची कोयरी आणि अक्षतांची वाटी घेऊन ती भर उन्हात माळीपुऱ्याच्या वाटेला लागली. वकिलाची बायको अशी पायी या गल्लीत कधी आली नव्हती. पोरं मागे मागे चालू लागली, बाया दारात आल्या.

पार्बताबाईच्या घरात शिरल्याबरोबर तिने पाहिली ती चूल. सारवलेली, स्वच्छ, आणि थंडगार. राखसुद्धा कालपरवाची. कोपऱ्यात गोधडीवर जयवंता पडली होती. तिने मान उचलून बाईकडे पाहिलं आणि पुन्हा टेकवली. पार्बताबाई लगबगीने चुलीपुढे येऊन उभी राहिली, जणू पदराने ती झाकता येणार होती.

खाटेवरून म्हातारी मनकर्णाबाई म्हणाली, "कोन हाये वं?"

"वकीलीनबाई हायेत, सासूबाई."

"दवंडीवाल्या?" म्हातारी उठून बसली. तिने डोळ्यांवर हात धरून चारुशीलाबाईला न्याहाळलं. "बाई, राग नका धरजा. मोठ्या काळात, दुष्काळ पडला तवा, सरकारनं असंच जेवन घातलं व्हतं. असाच मांडव, असाच तास. तास वाजला का आमी ढोरावानी धावो. वाचलो त्याच्यानं, नाई म्हनत नाई. पन मंग काई वर्षं लोकं आमाले तासावरचे म्हनत. माह्या नणंदेची सोयरीक मोडली त्याच्यापाई. म्या तवा सपत घेतली, माह्या घरचं लेकरू तासावर जेवनार नाई."

ज्या तासाचा तिने एवढा थाट केला, तो या घरात काय म्हणून ऐकू गेला असेल! चारुशीलाबाईला शरम वाटली, आणि ती तिने लपवली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून तिच्या नवऱ्यानेही क्वचितच ऐकले होते. "तास काढून टाकला मी. आज आवतन घेऊन आलेय. माझं वैशाखाचं व्रत आहे. लेकरं जेवल्याशिवाय मला घास घेता येत नाही. तेव्हा उद्या तुमच्या घरचं चूलबंद. मनकर्णाबाई, पार्बताबाई, जयवंता, सगळ्यांनी यायचं. तुमच्या घरात उद्या चूल पेटली, तर माझा अपमान झाला असं मी समजेन."

चूल पेटायची नाही! त्या घरात चूल तशीही पेटणार नव्हती, पण उद्या तिच्या थंड असण्याला आता एक मानाचं कारण मिळालं होतं. गल्लीत कोणी विचारलं असतं, 'तुमच्याकळे धूर काहून दिसत नाई?' तर ताठ मानेने सांगता आलं असतं, 'आवतन हाये आमाले.' पार्बताबाईने कपाळ पुढे केलं, चारुशीलाबाईने कुंकू लावलं, आणि कुंकू लावून घेता घेता पार्बताबाईचे डोळे भरून वाहू लागले.

"तुमी व्रत धरलं," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तं ते मोडू कसं देईन? येतो आमी."

त्या दिवशी चारुशीलाबाई दारोदार फिरली. माळीपुरा झाला, तेलीपुरा झाला. दुसऱ्या दिवशी पानं मांडल्यावर ती स्वतः पुन्हा निघाली, "चला, पानं वाढलीत," करत. आणि मग माणसं आली. धुतलेली लुगडी नेसून, पोरांच्या केसांना पाण्याचा हात लावून, लग्नाला यावीत तशी आली. पंगत अंगणात बसली, घरात नव्हे. जिनामागच्या वस्तीतली, ज्यांना गाव विहिरीवरही चढू देत नव्हतं, ती पोरं मांडवाच्या पलीकडच्या टोकाला वेगळी बसली. बाईची मजल त्या वर्षी तिथवरच गेली. तेवढं उणं तिच्या पुण्यात राहिलंच, ते का झाका? पण अन्न एकाच हंड्यातलं होतं, आणि वाढायला ती दोन्हीकडे स्वतः गेली.

जयवंता आईच्या कुशीला बसून जेवली. आधी हळूहळू, मग भराभर. वरण-भात, कैरीचं सार, गुळाची लापशी. महिना सरत आला तशी ती अंगणातल्या पेरूवर चढू लागली, गंगूबाईच्या खोड्या काढू लागली, आणि गंगूबाई जी पंगतीला नाकं मुरडत होती, तीच लापशी करताना 'त्या कारटीला तूप जास्त लागतं' म्हणून वेगळी वाटी ठेवू लागली. ओसाड अंगणाचं गोकुळ झालं म्हणा ना.

व्रताची सांगता झाली, पण पाऊस अजून लांब होता आणि शाळाही. चारुशीलाबाईने मनाशी ठरवलं होतं की ज्येष्ठही असाच काढायचा. ती आवतन द्यायला निघणार, एवढ्यात पार्बताबाईच दारात हजर. हातात कुंकवाचा करंडा, पदरात बांधलेल्या अक्षता. आज टोपली नव्हती.

"बाई, उद्या आमच्याकळे या. चूलबंद."

ओसरीवर वकिलांचे शेजारी कमलाकांतशास्त्री पंचांग बघत बसले होते. त्यांनी मान वर केली. गंगूबाईच्या हातातली पळी थांबली. ब्राह्मणाच्या बाईने माळ्याच्या घरी शिजलेलं अन्न खायचं, असं तोवर अकोल्यात कोणी ऐकलं नव्हतं.

चारुशीलाबाई गडबडली. "अगं, तुझ्याकडे कशाला त्रास? बघते मी. सवडीने येईन कधीतरी."

पार्बताबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "एका हातानं आवतन होत नाई, बाई. आमी महिनाभर जेवलो. जेवलं का जेवू घालावं लागते. तुमी येसान तं ते आवतन व्हतं. नाई येसान तं..." पुढचं ती बोलली नाही. अक्षता मात्र तिने उंबऱ्यावर ठेवल्या आणि ती गेली.

शास्त्रीबुवा लगेच म्हणाले, "वहिनी, दया करावी, पण मर्यादेत. तिथे जेवलात तर या घरात पूजेला मी येणार नाही. सांगून ठेवतो." सासूबाई हयात नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर त्याही उठल्या असत्या. खोटं कशाला सांगा, चारुशीलाबाई घाबरली होती. एवढी तोंडाळ बाई, पण जातीबाहेर पडण्याची भीती वेगळीच असते. माहेर, सासर, हळदीकुंकू, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

सकाळ झाली तरी तिचं ठरेना. आदल्या संध्याकाळी दिलेल्या आवतनांप्रमाणे अंगणात पानं मांडली गेली. बाकीची पोरं आली. जयवंताचं पान रिकामंच राहिलं. चारुशीलाबाई वाढून वाढून दरवाजाकडे बघत होती. पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या, ते एक पान तसंच. गंगूबाई म्हणाली, "व्रत संपलं ना? जेवा आता." बाईने पानावर बसून भात कालवला, आणि तिला तो गिळवेना. व्रत संपलं असेल, पण रोजच्या पंगतीतलं एक लेकरू जेवलं नव्हतं. महिनाभर ती घरोघर जाऊन ज्याला मान म्हणत होती, तो दुसऱ्याने तिला दिला तेव्हा तिने काय केलं? त्या कारकुनाच्या निरोपासारखंच झालं ते, 'सवडीने येईन कधीतरी'. आणि तिकडे त्या घरात आज काय असेल? पार्बताबाईने चूल पेटवली असेल, जमवाजमव करून काहीबाही शिजवलं असेल, आणि त्या तिघी तिची वाट पाहत उपाशी बसल्या असतील. पाहुणा आल्याशिवाय जेवतात का कोणी?

ती ताडकन उठली. "गंगूबाई, निखारे विझवा. आज आपल्या घरची चूल बंद."

"अहो, पण साहेबांचं जेवण व्हायचंय अजून!"

वकील सकाळच्या कोर्टातून नुकतेच आले होते आणि पागोटं काढत होते. त्यांनी एकदा विझणाऱ्या चुलीकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि पागोटं परत डोक्यावर ठेवलं.

"चूलबंद आवतन आहे ना? म्हणजे घरातल्या सगळ्यांना. मग मी काय उपाशी राहू? चल."

"शास्त्रीबुवा?"

"त्यांना पूजेला दुसरं घर मिळेल. मला दुसरी बायको कुठली मिळायला!"

ते दोघं माळीपुऱ्यात शिरले तेव्हा ऊन नुसतं आग ओकत होतं. पार्बताबाई दारातच उभी होती. दुसरं बोलावणं करायला ती निघालीही नव्हती. ते करण्यात अर्थ नाही अशी तिची खात्री झाली होती. दोघांना पाहताच, "पाट मांड वं जयवंते! पानी आन!" अशी धांदल उडाली. चुलीत आज खरंच जाळ होता. ज्वारीच्या कण्या, वाळवलेल्या वांग्याच्या फोडींची भाजी, जवसाची चटणी, कोणी दिलेल्या कैरीचं लोणचं. गल्लीतून कोणी भाकर आणून ठेवली, कोणी तिखट. मनकर्णाबाई खाटेवरून खाली उतरून भिंतीला टेकून बसली होती. सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती.

चारुशीलाबाईने पहिला घास उचलला. तिने तो तोंडात घातला. कण्या गरम होत्या, भाजी झणझणीत होती, आणि सकाळपासूनच्या उपाशी पोटाला ते अन्न इतकं गोड लागलं की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाने की कशाने, ते तिने कोणाला सांगितलं नाही. वकील मात्र निवांत जेवत होते आणि जवसाची चटणी तिसऱ्यांदा मागून घेत होते.

"घ्या न बाई, लाजू नका," पार्बताबाई आग्रह करत होती. तिचा आवाज वाढणाऱ्याचा झाला होता, तोच जुना, कोथिंबिरीची जुडी वर टाकणारा. मनकर्णाबाईने डोळे मिटून घेतले होते, आणि सुरकुत्यांतून पाणी ओघळत होतं. "वकिलाघरचे माह्या घरी जेवले," ती पुटपुटली. "आता कोनी म्हनावं आमाले तासावरचे!"

पाहुणे जेवू लागले तेव्हा पार्बताबाईने जयवंतालाही पान दिलं, चारुशीलाबाईच्या शेजारी.

"पार्बताबाई," चारुशीलाबाई म्हणाली, "उद्याचं आवतन देऊन जाते हं. आणि पानं मांडली की बोलवायला येईन."

पार्बताबाई भाकरी थापता थापता थांबली. "उद्यापासून आवतन नका देजा."

चारुशीलाबाईचा घास हातातच राहिला. "का गं? काय चुकलं आता?"

"काई नाई चुकलं." पार्बताबाईने पिठाचा हात पदराला पुसला आणि ती पहिल्यांदा मोकळी हसली. "पोरगी येईन तिची तिची. घरच्या मानसाले कोनी आवतन देते का, बाई?"

जयवंताने या बोलण्याकडे लक्षही दिलं नाही. ती चारुशीलाबाईच्या पानातली कैरीची फोड उचलून खात होती.